वढवाण्याच्या पाळीवर टिटवीची चार अंडी

पाडवा झाल्यावरच्या रविवारी आत्या आणि मी पहाटे साडेपाचला बडोद्याहून निघालो. डभोईमार्गे वढवाणा तलाव साधारण 50 किलोमीटर. उजाडता उजाडता पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर पोचलो. थंडीत इथे पट्टकादंब हे पाहुणे हंस बघायला झुंबड असते. चैत्रात पाहुणे परतलेले असतात आणि घरची मंडळी संसाराला लागलेली. मला हाच काळ जास्त आवडतो.

सयाजीरावांच्या काळात शेतीसाठी बांधलेला हा तलाव 2021 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. उन्हाळा लागला की पाणी मागे सरकतं, काठ उघडा पडतो, आणि टिटवीला तेवढंच हवं असतं.

पाळ उतरलो तोच डोक्यावर कलकलाट सुरू झाला. "थांब! पाऊल टाकू नकोस," आत्या ओरडली. दोन हातांवर चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली. मातकट रंग, त्यावर काळे डाग. घरटं म्हणजे नुसता खळगा, कडेनं खडे आणि शेळीच्या लेंड्या. मी फोटो काढत राहिलो. ऊन चढलं होतं, हे आत्यानं दंड धरून ओढलं तेव्हा लक्षात आलं.

लांबून दुर्बीण लावली. टिटवी आधी पाण्यात गेली, पोट भिजवलं, मग येऊन अंड्यांवर बसली. तापलेली अंडी निववायला! माझ्या फोटोंपायी ती तेवढा वेळ उघड्यावर होती, याचं फार वाईट वाटलं.

म्हणून जाणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: पाळ सोडू नका. टिटवी ओरडली की आल्या पावली मागे फिरा. गावातली कुत्री मागे लागली तर आधी त्यांना परतवा. घरट्याची जागा कुणाला कळवू नका.

मोरीखाली तारवाली भिंगरीचं चिखलाचं अर्धं वाटीसारखं घरटंही दिसलं. तिथे बाजूला उभे राहा, तिची ये-जा अडवू नका. नऊच्या आत फिरणं उरका, सावली फारशी नाही. पाणी आणि टोपी हवीच. परतताना डभोईची हिरा भागोळ ही जुनी वेस बघून घ्या.

टिटवीची अंडी उबायला साधारण 28 दिवस लागतात आणि पिल्लं निघाली की लगेच चालू लागतात. एप्रिलअखेर जाल तर काठावरच्या ढेकळांकडे नीट बघा. धोका दिसला की ती तिथेच दबून बसतात.