टेंबे स्वामी: अनवाणी पावलांचा योग

दत्त संप्रदायातील संत प. पू. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबे स्वामी महाराज, यांच्या चरित्रातील चमत्कार पुष्कळ सांगितले जातात. मला मात्र त्यांचा योग त्यांच्या चालण्यात अधिक दिसतो. सावंतवाडीजवळच्या माणगावी 1854 साली जन्मलेल्या या वेदशास्त्रसंपन्न गृहस्थाने, 1891 साली गोदाकाठच्या गंगाखेडला पत्नी अन्नपूर्णाबाईंचे निधन झाल्यावर चौदाव्या दिवशी संन्यास घेतला आणि उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून संन्याशाचा दंड स्वीकारला. त्यानंतर देह ठेवीपर्यंत, तेवीस वर्षे, हरिद्वारपासून तंजावरपर्यंत आणि द्वारकेपर्यंत ते अनवाणी चालत राहिले. वाहन वर्ज्य, जवळ दंड, कमंडलू, छाटी आणि पोथ्या एवढाच संग्रह, निर्वाह भिक्षेवर. आणि हे सारे संग्रहणीच्या, म्हणजे पोटाच्या जुनाट व्याधीसह. ज्यांच्या योगसिद्धींवर लोकांची एवढी श्रद्धा होती, त्यांनी स्वतःच्या देहाचे भोग मात्र निमूटपणे भोगले, हे मला फार मोठे वाटते.

अशा भ्रमंतीतही त्यांनी संस्कृत व मराठीत विपुल लेखन केले. 'दत्तपुराण' आणि 'द्विसाहस्री गुरुचरित्र' हे पंडितांचे ग्रंथ. पण नरसोबाच्या वाडीला 1905 मध्ये रचलेली करुणात्रिपदी, म्हणजे तीन पदांची दत्तप्रार्थना, आजही दत्तभक्तांच्या घरी, ज्यांना संस्कृतचा गंधही नाही अशांच्या तोंडी, तिन्हीसांजेला असते. आमच्याही घरी ती म्हटली जाते. आचारधर्मात इतके कडक असलेले स्वामी तिथे दत्तप्रभूंना शांत होण्याची विनवणी करतात, अपराध्यांसाठी क्षमा मागतात, तेव्हा त्या कडकपणामागचा जिव्हाळा कळतो.

त्यांचा उपदेश अगदी थोडक्यात मांडता येतो. मोक्ष हे मनुष्यजन्माचे मुख्य कर्तव्य. त्यासाठी स्वधर्म सोडू नये, आणि श्रवण, मनन, निदिध्यासन (अखंड चिंतन) यांनी मन स्थिर करावे. वृत्ती सात्त्विक व्हायची तर आहारही सात्त्विक हवा, असे ते आवर्जून सांगत. आजकाल योग म्हटला की आपण थेट आसनांकडे वळतो. स्वामी आधी ताटाकडे आणि आचरणाकडे पाहायला लावतात.

1914 साली, आषाढ शुद्ध प्रतिपदेला, नर्मदाकाठी गरुडेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची परंपरा पुढे पुण्यात गुळवणी महाराजांनी आणि गुजरातेत नारेश्वरच्या रंग अवधूतांनी चालवली.