जोडीतला एकच पट्टा बदलू नका

डॅलसमध्ये आमचं कार्पेट धुण्याचं काम आहे, मशीन व्हॅनमध्येच बसवलेलं. आजचा बराचसा दिवस त्याचे पट्टे बदलण्यात गेला आणि मनापासून सांगतो, असं काम मला फार आवडतं.

इंजिन पट्ट्यांवरून ब्लोअर फिरवतं, म्हणजे कार्पेटमधलं पाणी खेचण्यासाठी हवा ओढणारा पंप. पट्टा घसरला की ब्लोअर मंदावतो, ओढ कमी होते आणि गिऱ्हाइकाचं कार्पेट ओलं राहतं. लोक मात्र आधी नळीच तपासत बसतात.

आमच्या ब्लोअरला व्ही-बेल्टची, म्हणजे व्ही आकाराच्या छेदाच्या पट्ट्यांची जोडी आहे. त्यातल्या एकाच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, तरी दोन्ही बदलले. एकच बदलला, तर जुना वापरून लांबलेला असतो. मग सगळा भार नव्यावर येतो आणि तोही लवकर जातो. स्क्रू ड्रायव्हरने रेटून पट्टा पुलीवर चढवलेला तर मला बघवत नाही, आतले दोर तुटतात. ताण पूर्ण सैल केला की तो हातानेच बसतो. शेवटी सरळ पट्टी लावून पुल्या एका रेषेत आहेत ना, ते पाहिलं.

नवे पट्टे सुरुवातीच्या काही तासांत सैलावतातच. उद्याचं पहिलं काम झालं की इंजिन बंद करून, किल्ली काढून ताण पुन्हा बघणार.