मॉरिशसमध्ये कर लावायचाच असेल तर जमिनीवर लावा

लग्न होऊन कराडहून मॉरिशसला आले तेव्हापासून मी व्हाक्वाला राहते. सासरचं घर मराठी. पूर्वज एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजूर म्हणून कोकणातून आलेले. घरात क्रिओल ही इथली बोलीभाषा बोलतात, चतुर्थीला आरत्या मराठीत. माझं काम हिशेबाचं. छोटी दुकानं, दोन-तीन गॅरेजं, एक शिवणकामाचा कारखाना यांची खाती लिहायची आणि त्यांची व्हॅटची विवरणपत्रं भरायची. भारतातले मित्र विचारतात, तुमच्याकडे तर कर नाहीतच ना? हा समज इतका पक्का बसलाय की एकदा सविस्तर लिहावंच म्हटलं, कारण इथे सध्या कराइतका दुसरा कुठलाही विषय घराघरांत बोलला जात नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधी आघाडीने जिंकल्या आणि नवीन रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले. अर्थखातंही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. सार्वजनिक कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या 90 टक्क्यांच्या आसपास गेलेलं. जानेवारी 2025 मध्ये मूडीज या पतमानांकन संस्थेने देशाच्या पतीचा दृष्टिकोन नकारात्मक केला. आधीच आपण गुंतवणूकयोग्य दर्जाच्या शेवटच्या पायरीवर. त्यामुळे 5 जून 2025 चा अर्थसंकल्प कडक असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. घाव कुणावर बसणार, एवढंच कळायचं राहिलं होतं.

आयकरात फारसं वाईट झालं नाही. पहिल्या पाच लाखांवर शून्य, पुढच्या पाच लाखांवर 10 टक्के, त्यावर 20 टक्के (आकडे इथल्या रुपयांतले). वर्षाला एक कोटी वीस लाखांहून जास्त मिळवणाऱ्यांवर 15 टक्के जादा वर्गणी, तीही तीन वर्षांसाठी. मोठ्या कंपन्या आणि बँकांवरही अशीच जादा आकारणी. हे योग्यच झालं. 2006 साली रामा सितानेन अर्थमंत्री असताना व्यक्ती आणि कंपनी दोघांनाही सरसकट 15 टक्क्यांचा दर आणायचं ठरलं. साखरेचा भाव युरोपने 36 टक्क्यांनी उतरवायला घेतला होता, कापड उद्योगाचं संरक्षण संपलं होतं, बाहेरचा पैसा यायला हवा होता. त्या वेळी ते समजण्यासारखं होतं. पण कारखान्यात शिवणारी बाई आणि तिचा मालक यांना एकच दर, हे कायमचं धोरण असू शकत नाही.

माझं भांडण आहे ते व्हॅटच्या मर्यादेशी. आधी वर्षाची उलाढाल साठ लाखांच्या वर गेली की नोंदणी लागायची. ती मर्यादा तीस लाखांवर आणली, 1 ऑक्टोबर 2025 पासून. तीस लाख ऐकायला मोठे वाटतात, पण ही उलाढाल आहे, नफा नाही. दिवसाला सव्वाआठ हजारांची विक्री झाली की तुम्ही त्यात आलात. माझ्याकडे एक किंकायरीवाले आहेत, म्हणजे नळ, खिळे, रंग, सिमेंट विकणारे. नवरा-बायको मिळून दुकान चालवतात, नोकर कुणी नाही.

त्यांच्या काउंटरवर बसून आम्ही एका नळाचा हिशेब मांडला. घाऊकवाल्याकडून नळ 115 ला येतो, त्यात 15 व्हॅट. ते 140 ला विकतात, हातात 25 राहतात. नोंदणी झाली की 140 मध्ये 18 रुपये 26 सेंट व्हॅटचे. त्यातून घाऊकवाल्याला दिलेले 15 वळते केले तरी 3 रुपये 26 सेंट भरायचे. म्हणजे 25 चे 21.74 झाले. भाव वाढवावा तर गिऱ्हाईक रस्त्यापलीकडच्या मोठ्या दुकानात जातं, कारण तिथे हाच नळ घाऊक सवलतीमुळे आधीच स्वस्त. त्यावर दर तिमाहीला विवरणपत्र, पावत्यांची फाइल आणि माझी फी. बाई पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात, महिन्याच्या महिन्याला रबरबँड लावून. अत्यंत प्रामाणिक माणसं. त्यांनी मला विचारलं, आमच्याकडून सरकारला वर्षाला मिळणार किती? मी आकडा काढून दाखवला. दोघंही काही बोलले नाहीत, आणि मलाही बोलण्यासारखं काही सुचलं नाही.

व्हॅट इथे 1998 मध्ये 10 टक्क्यांनी सुरू झाला, 2001 मध्ये 12 झाला आणि 2002 मध्ये 15. आज करांच्या उत्पन्नातला सुमारे एक तृतीयांश त्यातूनच येतो. तांदूळ, पीठ, पाव यांवर तो लागत नाही, हे चांगलंच आहे. पण बहुतेक सगळ्या वस्तू बोटीने येणाऱ्या बेटावर साबणापासून सायकलपर्यंत प्रत्येक गोष्टीत तो असतो, आणि महिनाअखेरीला हातात काही न उरणारं कुटुंब आपल्या पगारातला मोठा हिस्सा त्यात देतं.

दुसरा घाव पेन्शनवर. साठीनंतर प्रत्येकाला सरकारी पेन्शन, श्रीमंत-गरीब न बघता, ही इथे 1958 पासूनची पद्धत होती. वय टप्प्याटप्प्याने 65 वर न्यायचं जाहीर झालं आणि लोक रस्त्यावर उतरले. माझी नणंद पुढच्या वर्षी साठीची होते. शाळा सोडल्यापासून निर्यातीच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवत आली आहे. उजव्या हाताचा अंगठा आता नीट मिटत नाही. जन्मदर इतका खाली आलाय की पेन्शनचा खर्च आज ना उद्या अंगावर येणार, हे मलाही दिसतं, आकडे नाकारून चालत नाही. पण वय वाढवायची घाई एवढी आणि जमिनीला हात लावायची वेळ आली की एवढा संकोच, हे मला पटत नाही.

आता मुद्द्यावर येते. कास्कावेलहून फ्लिक-आँ-फ्लाकच्या बाजूला गाडीने जा. जिथे ऊस उभा असायचा तिथे आता भिंती, फाटक, पहारेकरी आणि आत तरणतलाव असलेले बंगले. पुढे तामारँ, रिव्हिएर न्वार, उत्तरेला ग्राँ-बे, सगळीकडे तेच. परदेशी माणसाला घर घेता यावं म्हणून 2002 पासून एकामागून एक योजना आल्या, 2015 मध्ये स्मार्ट सिटी योजना आली. ऊसजमीन बिनशेती करण्यावरचा कर माफ, हस्तांतर करात सूट, विकासकाला आठ वर्षं आयकर नाही, अशा सवलती त्यांत दिल्या गेल्या. पावणेचार लाख डॉलरचं घर घेतलं की राहण्याचा परवाना. 2020 पर्यंत त्यासाठी पाच लाख डॉलर लागायचे. शिवाय या देशात वारसा कर नाही, भांडवली नफ्यावर कर नाही. आणि घरपट्टी पाहिली तर व्हाक्वा, क्युरपीप, पोर्ट लुईसारख्या पाच नगरपालिकांच्या हद्दीतल्या घरमालकांनीच ती पिढ्यानपिढ्या भरली. ग्रामीण जिल्ह्यांत घरपट्टी नाहीच. हे बंगले जवळजवळ सगळे ग्रामीण जिल्ह्यांत मोडतात.

म्हणजे क्युरपीपच्या शिक्षकाने पट्टी भरली आणि तामारँच्या समुद्राकाठच्या बंगल्याला ती लागूच नाही. माझ्या मते या देशाच्या कररचनेतली सगळ्यात मोठी चूक हीच.

माझा प्रस्ताव साधा आहे. राहतं एक घर आणि कसलेली जमीन पूर्ण माफ. त्यापलीकडची घरं, योजनांतले बंगले आणि वर्षानुवर्षं पडीक ठेवलेल्या जमिनी यांच्या किमतीवर दर वर्षी अर्धा टक्का. पावणेचार लाख डॉलरच्या बंगल्याला वर्षाचे 1,875 डॉलर, म्हणजे इथले साधारण 85 हजार रुपये. पेन्शन महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास आहे. दोन बंगल्यांच्या कराने जवळपास एका म्हाताऱ्या माणसाचं वर्ष निघतं. एबेन या कार्यालयांच्या वस्तीतली कंपनी चिडली तर दुबईला जाईल, ठेव सिंगापूरला जाईल. बेटावरची जमीन कुठे जाणार आहे?

जाणकार लगेच आठवण करून देतील की हे एकदा करून झालंय. 2006 मध्ये सितानेन यांनीच राष्ट्रीय निवासी मालमत्ता कर आणला होता. त्याबरोबर बचतीच्या व्याजावरही कर लावला. दोन्ही प्रचंड नकोसे ठरले. 2010 मध्ये पक्षाने त्यांना उमेदवारीच दिली नाही, आणि त्याच वर्षाअखेरच्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री प्रवीण जगन्नाथ यांनी दोन्ही कर रद्द केले. तेव्हापासून मालमत्ता कराचं नाव काढायला कुणी मंत्री धजावत नाही. पण तो कर राहत्या घरावर होता. कर्ज काढून वरचा मजला मुलासाठी चढवलेल्या मध्यमवर्गीयाच्या दारात त्याचं बिल गेलं. इथे घरावर मजला चढवणं म्हणजे एका पिढीची कमाई, तिला हात लावला तर लोक उसळणारच. त्यातून धडा घ्यायचा तो राहतं घर वगळण्याचा.

बंगलेवाले येणं बंद होईल, ही दुसरी भीती. जून 2025 च्या त्याच अर्थसंकल्पात परदेशी खरेदीदारांसाठी नोंदणी शुल्क 5 वरून 10 टक्के करायचं ठरलं. ते खरेदीच्या वेळी एकदाच. मला त्यापेक्षा दर वर्षीचा छोटा कर बरा वाटतो, कारण खरेदी थंडावली की नोंदणी शुल्क आटतं, उभ्या घरावरचा कर मात्र येत राहतो.

एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांत कर पडू नये म्हणून भारताशी केलेला आपला करार आठवा. तो 1983 पासून लागू होता. त्याच्या आधारे मॉरिशसमार्गे मुंबईच्या बाजारात पैसा जायचा, कारण शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर नव्हता आणि इथेही नव्हता. 2016 मध्ये करार बदलला आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरवर भारत कर लावू लागला. त्या मार्गावर उभी राहिलेली कार्यालयं, नोकऱ्या, भाडी यांचं भवितव्य दिल्लीतल्या एका सहीने बदललं. परक्याच्या कायद्यातल्या फटीवर देश चालवायचा तर अशी पाळी येणारच.

अर्थसंकल्पाआधी अर्थखातं लोकांकडून सूचना मागवतं. मी एक पान लिहून ठेवलंय. पहिली मागणी वर सांगितलेल्या जमीन कराची, आणि त्यातला निम्मा पैसा त्या त्या जिल्हा परिषदेला द्यावा अशी, कारण बंगल्यांसाठीचे रस्ते आणि पाणी त्यांच्याच हद्दीतून जातं. दुसरी, व्हॅटची मर्यादा पुन्हा साठ लाखांवर न्या. ते जमत नसेल तर तीस ते साठ लाखांमधल्या दुकानदाराला उलाढालीवर एक छोटा ठरावीक टक्का भरून मोकळं होऊ द्या. तिसरी, अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांना पेन्शन साठीलाच द्या. किंकायरीवाल्या बाई म्हणाल्या, आमचीही सही घ्या. इतर दुकानदारांना मी या आठवड्यात विचारते आहे.