२६ जुलैचं ते एक वाक्य

शाहू जयंतीच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांचं प्रदर्शन असतं. टेबलांवर पांढरी चादर, वर चरित्रं आणि गौरवग्रंथ, पोरं एका बाजूनं येतात आणि दुसऱ्या बाजूनं निघून जातात. यंदा मी प्राचार्यांना म्हटलं, प्रदर्शन लावू, पण पोरांना ती पुस्तकं उघडू दे. मराठी विकिपीडियावर कोल्हापूरच्या लेखांत 'संदर्भ हवा' अशी खूण असलेली पुष्कळ वाक्यं आहेत. त्यातलं एकेक घ्यायचं, कपाटातलं पुस्तक काढायचं, पान शोधायचं आणि तळटीप जोडायची. प्राचार्य हो म्हणाले. बारा जण आले.

मी ग्रंथपाल आहे आणि बरीच वर्षं, घरचं आवरल्यावर रात्री तासभर, विकिपीडियावर लिहिते. हे काम मला मनापासून आवडतं. विकिपीडिया स्वतःच्या अधिकारावर काही सांगत नाही. कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर हे लिहिलंय ते दाखवतो आणि वाचणाऱ्याला म्हणतो, जा, बघून ये. गावातल्या पोराला इतकं बरोबरीनं वागवणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

सकाळ चांगली गेली. एकानं प्रभात फिल्म कंपनी घेतली. १ जून १९२९ ला कोल्हापुरात स्थापना, १९३३ साली पुण्याला स्थलांतर, दोन्ही त्याला पुस्तकात सापडलं. पण तळटीप त्यानं परिच्छेदाच्या अगदी शेवटी लावली. मधली दोन वाक्यं त्या पानावर नव्हतीच. टीप शेवटी टांगली की वाचणारा समजतो, सगळ्या परिच्छेदाला आधार आहे. मी त्याला ती उचलून नेमक्या वाक्याला लावायला सांगितली. राधानगरी धरणाच्या लेखावर बसलेल्या मुलीचा सरकारी दुवा मेला होता, क्लिक केलं की 'पान सापडले नाही'. वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानाची जुनी प्रत निघाली. मूळ दुव्याशेजारी ती प्रत आणि पाहिल्याची तारीख टाकली. नुसता दुवा चिकटवून मोकळं झालं की चार वर्षांनी त्याचा उपयोग राहत नाही, हे समजावायला त्याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

दुपारी कसबा बावड्याची एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, हे जरा बघा की. कायतरी चुकलंय."

लेख आरक्षणाच्या आदेशावरचा होता. २६ जुलै १९०२. करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांनी भराव्यात, असा तो आदेश. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज तेव्हा इंग्लंडला गेलेले होते. इथवर ठीक होतं. त्याच्या खाली एक वाक्य होतं: 'आपल्या वाढदिवसाचे औचित्य साधून, सातासमुद्रापलीकडून महाराजांनी रयतेला ही भेट दिली.' शेजारी तळटीप, आणि तळटिपेत एका वर्तमानपत्राच्या पुरवणीचा दुवा.

"जयंती आता २६ जूनला हाय की," ती म्हणाली. "आमच्या बावड्यातच जन्म झालाय महाराजांचा, लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये. मग जुलैमध्ये वाढदिवस कसा?"

मी तिला सांगितलं की जुन्या कित्येक पुस्तकांत जन्मतारीख २६ जुलै १८७४ अशी छापलेली आहे. २६ जून ही तारीख सरकारी पातळीवर नंतर रूढ झाली. म्हणजे लिहिणाऱ्यानं जुनं पुस्तक वाचलेलं असणार. तिचं समाधान झालं नाही. तिनं विचारलं, "पण वाढदिवस म्हणून काढला, असं कुठं लिहिलंय?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही दुवा उघडला. पुरवणीतल्या लेखात तेच वाक्य होतं, 'औचित्य साधून'पासून 'भेट दिली'पर्यंत शब्दाला शब्द. हे कशावरून, याचा उल्लेख नाही. इतका तंतोतंत मेळ दिसला की मी आधी तारखा बघते. पुरवणीची तारीख टिपून घेतली आणि विकिपीडियाच्या लेखाचा 'इतिहास' उघडला. तिथे प्रत्येक बदल कुणी, कधी केला हे मिनिटासकट राहतं. मागे मागे जात राहिलो. ते वाक्य पुरवणीच्या तीन वर्षं आधी लेखात आलं होतं.

समोर सदस्यनाव माझं होतं.

मला ती रात्र आठवली नाही, पण पुस्तक आठवलं. वडिलांच्या कपाटातलं, पुठ्ठा सुटलेलं चरित्र. त्यात जन्म २६ जुलैला होता आणि आदेशही २६ जुलैचा. दोन्ही तारखा मी वाचल्या होत्या. त्यांना जोडणारं वाक्य पुस्तकात नव्हतं, ते मी जोडलं. स्रोतांतल्या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून स्रोतात नसलेली तिसरी सांगायची नाही, हा नियम मी दर कार्यशाळेत शिकवते. माझ्या वाक्याला तेव्हा कुणी 'संदर्भ हवा' लावलं नाही. ऐकायला ते फार गोड होतं, आणि महाराजांवर आमचं प्रेम आहे. मग पुरवणीनं ते उचललं आणि पुढे कुणीतरी चांगल्या मनानं तीच पुरवणी लेखाला संदर्भ म्हणून लावली. लेखाला बातमीचा आधार, बातमीला लेखाचा. मध्ये कुठेच कागद नाही.

मी बाराही जणांना बोलावलं आणि पडद्यावर तो इतिहास दाखवला. नाव माझं आहे हेही सांगितलं. खोली शांत झाली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. दोन दिवसांनी जयंतीच्या कार्यक्रमात त्याचं भाषण होतं, आणि त्याची सुरुवातच त्या वाक्यानं होती. त्यानं कागद काढून दाखवला. मला फार वाईट वाटलं. पाठ केलेलं वाक्य दोन दिवसांत विसरायला सांगणं सोपं नसतं. तो म्हणाला, "काढतो, मॅडम. आदेशच वाचून दाखवतो."

आदेश आमच्याकडे होता. कागदपत्रांच्या छापील संग्रहात पूर्ण मजकूर आहे आणि तो मोठ्यानं वाचण्यासारखाच आहे. मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे, असा खुलासा त्यातच आहे. आदेशानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचा तिमाही हिशेब खातेप्रमुखांकडून मागितला आहे. या मजकुराला वाढदिवसाची झालर कशाला हवी होती?

दुरुस्ती बावड्याच्या मुलीनंच करावी असं मी म्हटलं. तिनं माझं वाक्य काढलं, पुरवणीचा दुवा काढला, आदेशाच्या वाक्याला संग्रहाचं नाव, संपादक, प्रकाशनवर्ष आणि पान जोडलं. जुनी जन्मतारीख आम्ही पुसून टाकली नाही. चरित्राच्या लेखात २६ जून ठेवून, जुन्या पुस्तकांत २६ जुलै आढळते, अशी टीप त्या पुस्तकाच्या पानासह दिली. उद्या कुणी जुनं चरित्र हातात घेऊन तारीख बदलायला आला तर त्याला उत्तर तिथेच मिळावं. चर्चापानावर मी माझी चूक सहीनिशी लिहिली. पुरवणीच्या संपादकांना पत्र लिहिलं.

बदल जतन करण्याआधी सारांशाची एक ओळ लिहायची असते. ती थोडा वेळ थांबली, माझ्याकडे बघितलं, मग टाइप केलं: 'आधार सापडला नाही म्हणून वाक्य काढले.'

पाच वाजता पोरं गेली. मी ग्रंथालय बंद केलं नाही. माझ्या सदस्यनावाखालची 'योगदान' यादी उघडली, सगळ्यात जुन्या पानापासून. पहिली नोंद रंकाळ्याची होती. तीन वाक्यं, एकालाही तळटीप नाही. मी उठून कोल्हापूरच्या इतिहासाचं कपाट उघडलं.