मित्राच्या आईला जामीन

नवऱ्याच्या मित्राची नोकरी गेली, तीही नेमकी आईच्या ग्रीन कार्डाचे कागद भरायच्या वेळी. तो अमेरिकन नागरिक, इथेच न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, कोथरूडला एकट्या. नागरिकाच्या आईवडिलांना व्हिसासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागत नाही. आडवा येतो तो आय-८६४ हा फॉर्म, म्हणजे येणाऱ्याचा भार सरकारवर पडू देणार नाही अशी लेखी हमी. आणणाऱ्याचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी लागतं.

हिशेब माणशी असतो. तो, बायको, मुलगी आणि येणाऱ्या काकू, म्हणजे चौघं. २०२५च्या तक्त्याप्रमाणे ४०,१८७ डॉलर. बायकोच्या अर्धवेळ नोकरीचे २८,००० धरले तरी १२,१८७ कमी पडत होते. काकू फोनवर म्हणाल्या, "अरे, माझ्या एफड्या आहेत की!" एफड्या चालतात, पण आईवडिलांच्या बाबतीत तुटीच्या पाचपट दाखवाव्या लागतात. म्हणजे ६०,९३५ डॉलर, रुपयांत पन्नास लाखांच्या वर. वर्षभरात विकून पैसा करता येईल असं दाखवलं तर फ्लॅटही धरतात. फ्लॅटचं नाव निघताच काकूंनी विषय बदलला. मला ते पटलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने परतीचे दोर का कापावेत?

मग आमच्याकडे विचारणा झाली. जोडीचा जामीनदार नात्यातला नसला तरी चालतो. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा, इथेच राहणारा हवा आणि त्याचं उत्पन्न एकट्याच्या बळावर पुरायला हवं. आम्ही चौघं अधिक काकू, पाच जणांचे ४७,०६२. तेवढं नवऱ्याचं आहे. तो लगेच पेन शोधायला लागला. मी म्हटलं, आधी वाच.

ही सही पाच वर्षांनी आपोआप सुटते असं इथे बरेच जण छातीठोकपणे सांगतात. सुटत नाही. ती सुटते काकू नागरिक झाल्या तर, त्यांच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमल्या तर, त्या ग्रीन कार्ड सोडून कायमच्या परतल्या तर, नाहीतर काकू किंवा सही करणारा, कोणी एक वारलं तर. काकू या वयात दहा वर्षं नोकरी करणार नाहीत, आणि नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीत. म्हणजे जन्मभराचं समजूनच सही करायची.

हॉस्पिटलच्या बिलाची भीती मात्र लोक उगाच या फॉर्मला चिकटवतात. सरकार मागू शकतं ते गरिबांसाठीच्या योजनांवर, मेडिकेडसारख्यांवर, झालेला खर्च. खासगी बिलाचा या सहीशी संबंध नाही. पण पहिली पाच वर्षं मेडिकेअर हा म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमाही नाही, तेव्हा काकूंचा विमा कोण भरणार हे आम्ही मित्राकडून लिहून घेतलं. नवरा ओशाळला होता. मित्राला काही वाटलं नाही.

सही नवऱ्यानेच केली, तीही विचारपूर्वक. मला पुढे बाबांना आणायचंय. माझी सही असती तर त्या वेळी काकूही माझ्या माणसांत मोजल्या गेल्या असत्या.

आता आम्ही घर बदललं की ३० दिवसांत सरकारला कळवायचं. ते काम मी माझ्याकडे घेतलंय, नवऱ्याला विजेचं बिलसुद्धा लक्षात राहत नाही.