बाईंनी खोडलेलं टिंब

शताब्दी समितीचं पत्र आलं तेव्हा मी कोर्टात निघालो होतो. ‘शाळेविषयी दोन शब्द लिहून द्यावेत, शब्दमर्यादा एक हजार.’ आधी दोन आणि लगेच हजार! बाई असत्या तर हे पत्र लाल शाईनं भरून समितीकडे परत गेलं असतं. हसत हसत कोट खुर्चीवर टाकला आणि लिहायला बसलो. त्या दिवशी पहिल्या पुकाऱ्याला मी हजर नव्हतो, हे अशील अजून ऐकवतो.

बाईंचं आडनाव लिहीत नाही. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे माझ्या वेळच्या सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेचा इतिहासही मी लिहिणार नाही. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, 1842 साली ‘ज्ञानोदय’ इथेच सुरू झाला, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक इथेच राहिले, हे सगळं स्मरणिकेत दुसऱ्या कोणाच्या तरी लेखात येईलच. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. माझ्या पेनातून अजून नगरच उतरतं, सांभाळून घ्या.) मला लिहायचंय ते एका अनुस्वाराविषयी.

सकाळच्या उपासनेला पेटी वाजायची, टिळकांचं एखादं भजन व्हायचं आणि मग कोणीतरी उठून पाठ केलेलं वचन म्हणायचं. माझी पाळी आली की माझं वचन ठरलेलं: ‘येशू रडला.’ दोन शब्द, पाठांतराची कटकट नाही. तिसऱ्या वेळेला बाई म्हणाल्या, “येशूला किती रडवशील? आता हे पाठ कर.” आणि बायबलमधल्या, पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं एक वचन त्यांनी माझ्या वहीत लिहून दिलं. ‘प्रीतीत ढोंग नसावे. वाइटाचा वीट माना. बऱ्याला चिकटून राहा.’

आमचं घर माळकरी. वीट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पंढरपूरची वीट. वाइटाला वीट हाणायची, असा मी सरळ अर्थ लावला आणि आजीला सांगितला. ती इतकी हसली की जात्याचा खुंटा हातातून सुटला. “अरे, ती वीट, हा वीट. दुधाची साय रोज खाल्ली तर येतो तो वीट.” अर्थ कळला, पण मला विटेचाच जास्त आवडला होता.

ते 1972 चं वर्ष. दुष्काळ काय होता हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. निम्म्या वर्गाचे आईबाप खडी फोडायला जायचे, घरोघरी तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी. मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात सुकडी वाटली जायची. मोठं पातेलं, त्यात पळी, आणि पळी बाईंच्या हातात.

एका सकाळी मी घंटेच्या आधी पोचलो, तर कंपाउंडच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं: ‘बाटग्याची सूकडी’. लिहिणारा अजून तिथेच होता. माझ्याच बाकावरचा. मला बघून पळाला.

बाई आल्या, वाचलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. खाली पडलेला कोळशाचा तुकडा उचलला, ‘सू’ खोडून ऱ्हस्व केला आणि ‘ग्या’वर एक टिंब ठेवलं. ‘बाटग्यांची सुकडी’. मागे आम्ही दहाबारा पोरं जमलो होतो. “आम्ही पुष्कळ आहोत, अनेकवचन हवं,” एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या. आम्ही हसलो. बाई हसत नव्हत्या.

मी त्यांच्या मागे नळापर्यंत गेलो. “बाई, कोणी लिहिलं ते मला माहीत आहे.” त्या पाण्याकडे बघतच म्हणाल्या, “मला नाव नको.”

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सुकडी खाल्ली नाही. पळीकडे बघत उभा राहिलो. तो रांगेत होता, नखांत काळं तसंच. मला वाटलं, बाई आता त्याला कमी देतील. किंवा कीर्तनात असतं तसं, मुद्दाम दुप्पट देऊन लाजवतील. कारण त्याच अध्यायात पुढे आहे: शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल. हे निखाऱ्यांचं वचन वर्गातल्या प्रत्येक पोराचं लाडकं होतं. पण बाईंनी सगळ्यांना दिली तशीच पळी भरली, काठाला टेकवून वरचं सपाट केलं आणि त्याच्या ताटलीत उलटी केली. एक कण कमी नाही, एक कण जास्त नाही. “पुढे चल,” म्हणाल्या. त्या पळीचा अर्थ लागायला मला पुष्कळ वर्षं गेली.

शुद्धलेखनाचा तास दुपारी असे. बाईंनी नेमकं तेच वचन घातलं. मी लिहिलं: ‘वाइटांचा वीट माना’. मुद्दाम लिहिलं की हात आपसूक तसा वळला, हे आज शपथेवर सांगता येणार नाही. पण लिहिताना बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला तो डोक्यात होता, हे नक्की.

वह्या तपासताना बाईंनी मला टेबलाशी बोलावलं. त्या एका टिंबाभोवती लाल गोल होता. बाकी सगळं शुद्ध.

“हे कोणाच्या डोक्यावर ठेवलंस?”

मी गप्प.

“टिंब नसेल तर वाईट गोष्टीचा वीट. टिंब दिलंस की वाईट माणसांचा. पौलानं माणसांचा वीट मानायला सांगितलेलं नाही.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “आणि माझ्या वतीनं तर मुळीच मानायचा नाही. मी तुला वकील नेमलेलं नाही.”

शेवटचं वाक्य त्या गंमतीत बोलल्या असतील. पुढे मी खरोखरच वकील झालो, तेव्हा सनद दाखवायला गेलो होतो. त्यांना काही ते आठवत नव्हतं.

खोडायला त्यांनी मला अर्धं ब्लेड दिलं. मी इतक्या रागानं खरवडलं की टिंबाबरोबर कागदही गेला. ‘वाइटाचा’च्या डोक्यावर भोक पडलं. त्यातून मागच्या पानावरचं गणित दिसायचं.

पुढच्या बायबलच्या तासाला बाईंनी योहानाचं पहिलं पत्र काढलं, तिसरा अध्याय. आपण एकमेकांवर प्रीती करावी, भावाला मारणाऱ्या काइनासारखं होऊ नये. आणि मग ते वाक्य: ‘जो कोणी आपल्या बंधूचा द्वेष करतो तो नरहिंसक आहे.’ ‘नरहिंसक’ हा शब्द नरभक्षक वाघासारखा वाटून वर्गात खसखस पिकली. मी हसलो नाही. मला वाटलं, भिंतीवर लिहिलं त्यानं आणि नरहिंसक मी? हा कुठला न्याय? हा प्रश्न बाईंना विचारायचं धाडस झालं नाही. त्यांचं उत्तर काय आलं असतं, ते आता कळतं.

39 वर्षं दिवाणी वकिली केली. दोनदा वकील संघाचा अध्यक्ष झालो, मुलगी न्यायाधीश झाली, हेही स्मरणिकेसाठी लिहून ठेवतो, कारण पत्रात ‘आपली वाटचाल’ असा रकाना आहे. या वाटचालीत सगळ्यात जास्त काय पाहिलं? हातभर बांधासाठी कोर्टात आलेले सख्खे भाऊ. काइन शेतकरी होता, त्याचा भाऊ हाबेल मेंढपाळ, आणि तो पहिला खूनसुद्धा शेतातच झाला, माझ्या अशिलांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, “वकीलसाहेब, त्यांची मोजणी झाली नव्हती का?” कायद्याला खुनासाठी मेलेला माणूस लागतो, पुरावा लागतो. कलम पूर्वी 302 होतं, आता न्याय संहितेत 103 झालं. योहानाच्या कलमाला यातलं काहीच लागत नाही. म्हणून ते फार जाचक आहे.

आता शाळेची ती भिंत राहिलेली नाही, तिथे फ्लेक्स लागतात. सुकडी जाऊन खिचडी आली. शुद्धलेखनाचा तास कुठे गेला ते समितीलाच विचारावं लागेल. आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कोणा ना कोणा जमातीचा वीट मानायला सांगणारे निरोप येतात. सगळे अनुस्वारासकट. एकदोन मीही पुढे ढकलले आहेत. बाई गेल्यानंतर ढकलले, एवढंच.

त्या मुलाशी मी सहावी संपेपर्यंत बोललो नाही. बाई सांगायच्या, मी मान हलवायचो आणि बोलायचो नाही. ‘प्रीतीत ढोंग नसावे’ एवढाच भाग मी पाळला, असं तेव्हा स्वतःला समजावत होतो. सातवीला तो आलाच नाही. आईबापांबरोबर ऊस तोडायला गेला, असं कळलं. बाई त्याच्या वस्तीवर दोनदा जाऊन आल्या, हेही कळलं.

मागच्या वर्षी खरेदीखत करायला एक तरुण आला. आडनाव आणि गाव वाचून विचारलं, तर वडील तेच निघाले. “आमचे वडील तुमच्या शाळेतले, पण शिकले नाहीत,” म्हणाला. मी ‘हो का’ म्हणून स्टॅम्पड्यूटीचा हिशोब सांगितला. वडील बाहेर झाडाखाली बसले होते. खिडकीतून दिसत होते. मी उठलो नाही.

तर समितीला विनंती अशी. 1972 सालचा सहावी ब चा हजेरीपट कपाटात असेल तर काढावा. माझ्या बाकावर दुसरं नाव कोणाचं होतं ते त्यात मिळेल. निमंत्रण त्यालाही जावं. दाखला नेलेलेच तेवढे माजी विद्यार्थी, असं काही आपल्या नियमात नसावं. असलं तर तो नियम मला दाखवा. पत्ता माझ्या फाइलीत आहे. गाडी मी पाठवीन, आणि पंगतीत त्याच्या शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवावी.