शब्द कळत नाहीत, ते बरं आहे

"शब्दच कळत नाहीत, मग तू ऐकतोस तरी काय?" गाडीत 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या बँडचं गाणं लावलं की शेजारी बसलेलं माणूस पाच मिनिटांत हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

सोफिया कोपोलाचा 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' (2003) घरी डीव्हीडीवर बघत होतो. टोकिओतली रात्र, टॅक्सी, काचेबाहेर सरकणारे दिवे. मागे गिटारचा जाड थर आणि त्याच्या खाली कुणीतरी पुटपुटतंय. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "स्पीकर फाटलाय वाटतं." मलाही आधी तसंच वाटलं. मग तो प्रसंग मी पाच वेळा मागे नेऊन ऐकला.

ते गाणं 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'चं 'समटाइम्स', 1991 च्या 'लवलेस' या अल्बममधलं. डब्लिनमध्ये सुरू झालेला हा बँड तोवर लंडनला आला होता. अल्बमचं काम 1989 पासून चाललं, एकोणीस स्टुडिओ फिरून झाले. त्यापायी 'क्रिएशन' या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली असं सांगतात. अडीच लाख पौंड खर्चाचा आकडाही सांगतात, पण बँडचा सूत्रधार आणि गिटारवादक केविन शील्ड्सला तो मान्य नाही.

ऐकणाऱ्याला वाटतं, शंभरेक गिटारी एकावर एक रचल्या असतील. शील्ड्स म्हणतो, तसं काही नाही, थर थोडेच आहेत. गिटारच्या ब्रिजपाशी एक दांडा असतो, तो हलवला की सूर खाली-वर होतो. बाकीचे वादक तो अधूनमधून वापरतात. शील्ड्स तो हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे सगळा कॉर्ड सतत थोडा बेसूर, थोडा सुरात असा हेलकावत राहतो. दरबारी रागातला झुलता गंधार ज्यांनी मन लावून ऐकलाय, त्यांना यात परकं वाटायचं कारण नाही. (तुलना इथेच सोडतो, नाहीतर दोन्हीकडचे लोक चिडतील.)

आता शब्द. शील्ड्स आणि बँडची गायिका बिलिंडा बुचर रात्ररात्र बसून गाण्यांचे शब्द लिहायचे. मग सकाळी तिला झोपेतून उठवून गायला लावायचे, म्हणून तो आवाज तसा पेंगुळलेला आहे. आणि एवढी मेहनत घेऊन तो आवाज मिक्सिंगमध्ये गिटारखाली पुरून टाकायचा! आपल्याकडे गाणं आवडलं की पहिला प्रश्न 'शब्द कुणाचे?' हा असतो. भावगीतांवर वाढलेल्या माणसाला ही उधळपट्टी वाटणारच. मला मात्र ती सुटका वाटली. गायिका मला काही पटवून देत नाहीये, माझ्याकडून 'वा' मागत नाहीये. स्कॉटलंडच्या 'कॉक्टो ट्विन्स'मधली एलिझाबेथ फ्रेझर तर त्याआधीपासून अर्थ नसलेले उच्चार गात होती, आणि ते ऐकून घसा दाटून येतो.

गंमत म्हणजे या प्रकाराला 'शूगेझ' (बुटांकडे टक लावणं) हे नाव मिळालं तेही शब्दांमुळेच. 'मूस' नावाच्या बँडचा गायक स्टेजवर जमिनीला चिकटवलेल्या कागदावरून ओळी वाचत होता, आणि एका समीक्षकाने त्यावरून टोमणा मारला. बाकीचे वादक खाली बघायचे ते पायाशी मांडलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या इफेक्ट्स पेडलकडे. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

टोमणे तिथे थांबले नाहीत. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या 'स्लोडाइव्ह' या शूगेझ बँडचा 'सुव्लाकी' हा अल्बम 1993 मध्ये आला, तेव्हा 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकाच्या समीक्षकाने लिहिलं की हा पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीच्या टबात बुडून मरणं पत्करेन. अमेरिकेतून 'निर्वाणा' हा रॉक बँड येऊन धडकला होता, पाठोपाठ ब्रिटनमधलीच ब्रिटपॉपची लाट. दोघांनाही समोर बघून ओरडणारा गायक हवा होता. 1995 मध्ये तिसरा अल्बम आल्यावर आठवड्याभरात 'स्लोडाइव्ह'ला कंपनीने नारळ दिला. 'राइड' या दुसऱ्या शूगेझ बँडचा गिटारवादक अँडी बेल पुढे ब्रिटपॉपवाल्या 'ओअॅसिस'मध्ये बास वाजवायला गेला, यावरून काय ते समजा.

मग पंधरावीस वर्षं इंटरनेटवर पोरं हे अल्बम एकमेकांना देत राहिली. 2013 मध्ये 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'चा पुढचा अल्बम आला, 2014 मध्ये 'स्लोडाइव्ह' पुन्हा एकत्र आले, आणि त्यांचा 2023 चा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेला. ज्यांनी टर उडवली ती साप्ताहिकं तोवर बंद पडली होती.

परवा अकरावीतली भाची आली. रील्समध्ये ऐकलेलं 'स्लोडाइव्ह'चं 'व्हेन द सन हिट्स' तिने लावलं आणि म्हणाली, "मामा, हे नवीन आहे, ऐक." मी काही बोललो नाही. गाणं संपल्यावर तिने फोनवर शब्द शोधले आणि वाचायला लागली. वीस वर्षांत मी ते कधी शोधले नव्हते. म्हटलं, "मनात वाच गं."